तिथीची पाऊणपट

नगरच्या माणसाचें समुद्राशीं काय काम, असा प्रश्न आमच्या पुतणीच्या सहलीची गोष्ट निघाली तेव्हां आमच्या घरांत पहिल्यानें उपस्थित झाला. प्रश्न अगदींच गैर होता असें नाहीं. पूर्वीचा अहमदनगर आणि २०२४ सालापासून अहिल्यानगर या नांवानें ओळखला जाणारा आमचा जिल्हा सह्याद्रीच्या पाठीशीं, पर्जन्यछायेंत वसलेला. कोंकणावर तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस ओतून ढग घाटमाथा ओलांडतात. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यास त्यांतील भरपूर वांटा मिळतो, पण नगर शहरापर्यंत पोंचेतों ते रिकाम्या घागरींसारखे झालेले असतात. आमच्या नद्याही पश्चिमेच्या समुद्राकडे पाठ फिरवून निघतात. रतनगडापाशीं उगम पावणारी प्रवरा अरबी समुद्रापासून सुमारें शंभर किलोमीटरांवर जन्मते. परंतु प्रवरासंगमास गोदावरीला मिळून, सारें दख्खन तुडवून ती बंगालच्या उपसागराला जाते. सीना आणि कुकडी याही भीमेच्या व कृष्णेच्या वाटेनें तिकडेच वळतात. माणसें नद्यांसारखीं वागलीं तर त्यांत नवल तें काय?

तरीही आमच्या विहिरींत वर्षाकांठीं जें कांहीं पाणी येतें, तें त्याच पाठ फिरविलेल्या समुद्राचें. नैर्ऋत्येचे वारे अरबी समुद्रावरून बाष्प उचलून आणतात, म्हणून आमची बाजरी उगवते. ज्याच्या देण्यावर आपण जगतों त्याचें दर्शन एकदां तरी डोळसपणें घ्यावें, एवढी जिज्ञासा आम्हां नगरकरांना असावयास हवी होती. ती आमच्या घरांत आली ती एका कागदाच्या रूपानें, आणि तिच्या पाठोपाठ आणखीही एक गोष्ट आली, जी आमच्या मातोश्रींनीं जवळजवळ सत्तर वर्षें कोणाला सांगितली नव्हती.

आमची पुतणी त्या वर्षीं एका महाविद्यालयांत प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत नुकतीच दाखल झाली होती. अलीकडे नव्या विद्यार्थ्यांना एकदम व्याख्यानाच्या बांकावर न बसवितां आधीं त्यांची विषयाशीं, गुरुजनांशीं आणि सोबत्यांशीं ओळख करून द्यावी, अशी पद्धत पडली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ सालीं त्यासाठीं मार्गदर्शिका काढली आणि उपक्रमाला ‘दीक्षारंभ’ असें भारदस्त नांव दिलें. हा शब्द ऐकून मातोश्रींनीं हातांतील जपमाळ थांबविली आणि विचारलें, “कसली ग दीक्षा?”

“समुद्राची, आजी!” पुतणी म्हणाली. “रत्नागिरीला तीन दिवस जायचें. खडकांवरचे प्राणी पाहायचे, मत्स्यालय पाहायचें, आणि सारें वहींत टिपून आणायचें.”

माळ पुन्हां सुरू झाली नाहीं. त्या उठून देवघरांत गेल्या.

मातोश्रींचें माहेर गुहागरकडील एका समुद्रकांठच्या खेड्यांत. १९६० च्या सुमारास लग्न होऊन त्या घाट चढून नगरास आल्या. माहेरीं जाणेंयेणें पुढेंही होई. पण तेथेंही त्या किनाऱ्याकडे तोंड करून अंगणांत बसत नसत, असें आमची मामी सांगे. आम्हां भावंडांना त्यांनीं कोंकणांतील आंब्याफणसांच्या, आगराच्या, रहाटाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या. समुद्राची एकही सांगितली नाहीं. आम्हांला त्याचें कधीं कांहीं वाटलें नाहीं. न सांगितलेल्या गोष्टी मुलांच्या लक्षांत येत नसतात.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो कागद सर्वांच्या देखत वाचण्यांत आला. आमच्या घरीं अजून एकाच स्वयंपाकांत अकरा पानें वाढलीं जातात, त्यामुळें एका मुलीची सहल ही साऱ्या घराची गोष्ट होते. थोरले बंधु, म्हणजे मुलीचे वडील, यांचें मन प्रथमपासूनच घेईना. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या समुद्रांत पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलींतील १४ तरुण मुलेंमुली बुडालीं, ती बातमी त्यांना तारखेनिशीं पाठ होती. त्यांनीं ती सांगितली आणि ते गप्प बसले.

वहिनी म्हणाल्या, “विहिरींत माणसें पडतात म्हणून पाणी शेंदायचें कोणी सोडतें का? मी कॉलेजांत असतांना आमची सहल गोव्याला गेली, मला घरून जाऊं दिलें नाहीं. मुलीचें तसें व्हायला नको.”

दोन्ही बाजूंनीं असें बोलणें चाललें असतां मातोश्री म्हणाल्या, “त्या कागदावर वेळा लिहिल्या आहेत का रे? वाच पाहूं.”

आम्हीं वाचलें. पहिला दिवस: सकाळीं दहा ते एक, खडकाळ किनाऱ्याचें निरीक्षण. दुपारीं चार वाजतां संशोधन केंद्रास भेट.

“आणि तिथि कोणती?”

तिथि कागदावर कोठून असणार? तारीख होती. मातोश्रींनीं खुंटीवरचें पंचांग मागितलें, चष्मा लावला, आणि बोटानें ओळ शोधली. “आश्विन शुद्ध पौर्णिमा. कोजागरी. पंधराची पाऊणपट किती?”

पुतणीचा धाकटा भाऊ पटकन् म्हणाला, “सव्वाअकरा.”

“म्हणजे सव्वाअकराला पूर्ण भरती, आणि तीही पुनवेच्या उधाणाची. आणि तुमचे गुरुजी पोरांना दहा ते एक खडकावर नेणार!” त्यांनीं पंचांग मिटलें. हात किंचित् कांपत होता. “माझा बापू असाच गेला.”

बापू हें नांव आम्हीं त्या रात्रीं प्रथम ऐकलें. तो मातोश्रींचा धाकटा भाऊ. त्या बारा वर्षांच्या असतांना, दसऱ्याच्या सुटींत, नऊ वर्षांचा बापू दोघां सवंगड्यांबरोबर शंख-शिंपले वेंचावयास खडकांवर गेला. जातांना पाय भिजले नव्हते. सवंगडी लौकर परतले. बापूला टोंकाच्या खडकावर कांहींतरी सांपडलें म्हणून तो तेथेंच राहिला. दुपारीं शोधाशोध झाली तेव्हां तो खडकच दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशीं गांवांतील एक वृद्ध खारवी तांडेल आजोबांना भेटावयास आला. तो ओटीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, भटजीबाबा, तुमच्या घरांत पंचांग आहे. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजतां भरती पुरी होते. आम्ही लिहिणें न येणारीं माणसें एवढ्यावर जगतों. त्या दिवसापासून आजोबांनीं घरांतील प्रत्येक मुलाकडून तो हिशोब घोकून घेतला. ज्याच्यासाठीं घोकावयाचा तो मात्र त्या पंगतींत नव्हता.

खोलींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. आम्ही तर मनांतल्या मनांत शरमलों होतों. आम्हीं तीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें. भरती-ओहोटीचा धडा दरसाल फळ्यावर चंद्र, सूर्य आणि पृथ्वी यांच्या आकृत्या काढून शिकविला, परीक्षेंत त्यावर प्रश्न घातले, गुण दिले. परंतु समोरच्या कागदावरील दहा ते एक ही वेळ आणि त्या दिवशींची पौर्णिमा यांची सांगड घालावी, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. आमचें ज्ञान फळ्यावर राहिलें होतें. आईचें अंगावरून गेलेलें होतें.

आतां हें महाविद्यालयास कळवावें कीं न कळवावें, यावर दुसरा खल सुरू झाला. बंधु संकोचले. “त्यांना त्यांचें काम आपण शिकवायचें का? मुलीला नाहीं पाठवलें म्हणजे झालें.” पुतणीला वाटत होतें, पहिल्याच महिन्यांत ‘आजीचें पंचांग घेऊन आलेली मुलगी’ अशी आपली ओळख होईल. दोघांचेंही म्हणणें आम्हांला समजत होतें. तेव्हां मातोश्री म्हणाल्या, “ही एक नाहीं गेली तर बाकीचीं चाळीस पोरें जातीलच ना? त्यांच्या आयांनीं काय करायचें?” या प्रश्नाला आमच्यापैकीं कोणाजवळच उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं सहलीच्या प्रमुख अध्यापकांना दूरध्वनि केला. त्यांनीं ऐकून घेतलें, क्षणभर थांबून “पाहून सांगतों” म्हणाले, आणि तासाभरांत स्वतः होऊन पुन्हां बोलले. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षीं भरती-ओहोटीचीं कोष्टकें प्रसिद्ध करतो, तीं त्यांनीं पाहिलीं होतीं. त्या दिवशीं रत्नागिरीस सकाळीं अकराच्या सुमारास पूर्ण भरती होती. कार्यक्रम बसच्या आणि भेटींच्या सोयीनें आंखला गेला होता, कोष्टक मागाहून पाहावयाचें राहून गेलें, असें त्यांनीं सरळ कबूल केलें. शिक्षकाला असें कबूल करणें किती जड जातें तें आम्ही जाणतों; म्हणून त्यांच्याविषयींचा आमचा आदर तेव्हांपासून वाढला. नवा कार्यक्रम असा ठरला कीं सकाळीं संशोधन केंद्र पाहावयाचें आणि साडेतीनला, पाणी उतरत असतां, किनाऱ्यावर जावयाचें.

मातोश्रींनीं संमति दिली, पण एक अट घातली: “तूं बरोबर जा.” पालक म्हणून दोघांतिघांना येतां येईल असें अध्यापकांनीं सांगितलें, आणि अशा रीतीनें उतारवयांत आमचाही दीक्षारंभ झाला.

नगरहून रात्रीं निघून पुणें, सातारा, कऱ्हाड करीत पहांटे आम्ही कुंभार्ली घाट उतरलों. चिपळुणास चहा घेतला. वाटेंत अध्यापक मुलांना सांगत होते कीं आपल्याकडील काळा पाषाण आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळा पाषाण हा एकच. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भेगांतून वर आलेल्या लाव्ह्याचे थर गोठून दख्खनचें पठार झालें, आणि त्याचीच पश्चिमेकडील कड समुद्रांत उतरली आहे. नगरची मुलें परक्या मुलुखांत चाललीं नाहींत, आपल्याच दगडाचें दुसरें टोंक पाहावयास चाललीं आहेत, हा विचार आम्हांला फार आवडला.

रत्नागिरीच्या पेठकिल्ला भागांत सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. तें १९५८ सालीं स्थापन झालें, आणि आतां दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाच्या आधिपत्याखालीं चालतें. याच विद्यापीठाचें मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून जवळच शिरगांव येथें आहे. केंद्राच्या संग्रहालयांत देवमाशाचा भलाथोरला सांगाडा मांडला आहे. त्याच्या फांसळ्यांजवळ उभें राहिलें म्हणजे माणसाला आपल्या मापाची नीट कल्पना येते. कांचेच्या टांक्यांतील रंगीत मासे मुलांनीं पाहिले, नांवें टिपलीं. हिंदी महासागराचा अभ्यास किती अलीकडचा आहे, हेंही अध्यापकांनीं सांगितलें. अनेक राष्ट्रांनीं मिळून काढलेली या महासागराची आंतरराष्ट्रीय मोहीम १९६५ सालीं संपली आणि तिच्या अनुभवांतून १ जानेवारी १९६६ रोजीं गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. म्हणजे त्या संस्थेपेक्षां आम्ही वयानें मोठे ठरलों नसलों तरी फारसे लहानही नाहीं!

मग भरतीची चर्चा निघाली. अध्यापकांनीं आमच्या मातोश्रींचा हिशोब फळ्यावर मांडला. कोणाचा हें पुतणीच्या विनंतीवरून सांगितलें नाहीं. चंद्र पृथ्वीवरील पाण्याला ओढतो. सूर्यही ओढतो, पण त्याची भरती उठविण्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावास्येस व पौर्णिमेस तिघे एका रेषेंत येतात, दोन्ही ओढी एकत्र होतात, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास त्या एकमेकींना काटकोनांत असतात, तेव्हां पाणी फारसें चढत नाहीं आणि फारसें उतरतही नाहीं. चंद्र स्वतः पुढें सरकत असल्यामुळें तो रोज सरासरीनें पन्नास मिनिटें उशिरां माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागें पडते. खलाशांनीं त्या पन्नासांचे पंचेचाळीस केले, म्हणजे पाऊण तास, कीं तोंडीं हिशोब करतां यावा. अर्थात् हिशोब ढोबळ आहे. किनाऱ्याकिनाऱ्यागणिक वेळ बदलते, रत्नागिरीची भरती मुंबईच्या थोडी आधीं येते, आणि खडकावर उतरावयाचें तर छापील कोष्टकच पाहिलें पाहिजे. परंतु कोष्टक चुकून पाहावयाचें राहिलें, तर “थांबा” म्हणण्यापुरता हा हिशोब पुरेसा आहे. न्यूटननें १६८७ सालीं या ओढीचें गणित मांडलें. तें गणित न शिकलेल्या तांडेलालाही चंद्र पाहून आपली होडी केव्हां काढावी हें कळत होतें. दोघांना एकमेकांची भेट घडली असती तर दोघेही आनंदले असते.

साडेतीन वाजतां किनाऱ्यावर पोंचलों तेव्हां पाणी बरेंच मागें हटलें होतें. कोंकणांत या वेळेला सुकती म्हणतात. ओले, काळे खडक उन्हांत चमकत होते, आणि त्यांच्यावर जणुं कोणी पट्टे ओढले होते. सर्वांत वर, जेथें केवळ उधाणाचे तुषार पोंचतात, तेथें ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी; त्यांना कोरडेंपण सोसतें. त्याखालीं चुनखडी कवचाचे, दगडाला जन्मभर चिकटलेले बार्नेकल. पाणी आलें कीं कवचाचें दार उघडून पिसांसारखे पाय बाहेर काढतात आणि अन्न गाळून घेतात. त्याखालीं धारदार कालवें. अगदीं खालीं, जेथें फक्त अशा मोठ्या ओहोटीला माणसाचा पाय पोंचतो, तेथें हिरवें-तांबूस शेवाळ आणि डबक्यांतून फुललेलीं समुद्रफुलें. बोट जवळ नेलें कीं तें फूल मिटे. तेव्हां तें फूल नसून प्राणी आहे हें पटे. प्रत्येकाची पायरी ठरलेली, आणि ती ठरविणारें भरती-ओहोटीचें वेळापत्रक. आमच्या मुलीनें वहींत लिहिलें: ‘येथें सर्वांना तिथि कळते.’

खडकांतील गोल, खोल डबकीं पाहून पारनेर तालुक्यांतून आलेला एक मुलगा ओरडला, “हे तर आमचे निघोजचे रांजणखळगे!” कुकडीच्या पात्रांत निघोजपाशीं पाण्याच्या भोंवऱ्यांत सांपडलेल्या दगडगोट्यांनीं कातळ घासघासून रांजणासारखे खळगे झाले आहेत, ते आमच्या जिल्ह्यांत प्रसिद्धच आहेत. येथें तेंच काम लाटा करतात. एका खळग्यांत दुसऱ्याच्या टाकलेल्या शंखांत बिऱ्हाड थाटलेला खेकडा लगबगीनें चालला होता. तो वाढला कीं मोठा शंख शोधतो आणि जुना दुसऱ्या धाकट्याला उपयोगी पडतो. धाकट्याला थोरल्याचा सदरा देण्याची आमच्या घरची रीत समुद्रांतही चालू आहे, हें पाहून आम्हांला हंसूं आलें.

एक शिस्त मात्र कडक होती. जो दगड उलटला तो पाहून झाल्यावर जसाच्या तसा ठेवावयाचा, कारण त्याच्या खालचा ओलावा हेंच कित्येकांचें घर. जिवंत कांहींही बरोबर घ्यावयाचें नाहीं. प्रवाळ, समुद्री घोडा इत्यादि प्राण्यांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आश्रय आहे. समुद्राकडे पाठ करून उभें राहावयाचें नाहीं. आणि शिटी वाजली कीं हातांतील काम तेथेंच टाकून निघावयाचें.

सव्वापांचला शिटी वाजली. पाणी नुकतेंच फिरलें होतें. आमच्या डोळ्यांना तर तें अजून उतरत असल्यासारखेंच वाटत होतें. सर्व मुलें परतलीं, टोंकाच्या खडकावर एका डबक्यापाशीं ओणवी झालेली आमची पुतणी आणि तिच्या दोन मैत्रिणी मात्र “एकच मिनिट!” म्हणाल्या. अध्यापकांनीं तें मिनिट दिलें नाहीं. त्या उठून आल्या तेव्हां तो खडक आणि किनारा यांमधील सखल घळींतून त्यांना घोटाभर पाण्यांतून यावें लागलें. जातांना ती घळ कोरडी होती.

आम्ही किनाऱ्यावर उभे राहून त्या घळीकडे पाहत राहिलों. समुद्र समोरून चाल करून येतो, अशी आमच्यासारख्या देशावरच्या माणसाची समजूत. तो तसा येत नाहीं. माणूस लाटांकडे पाहत असतो आणि पाणी त्याच्या पाठीमागच्या सखल वाटेनें गुपचूप आंत शिरतें. मग उंच खडक कोरडाच राहतो आणि परतीची वाट तेवढी बुडते. खलाशी सांगतात कीं भरतीच्या पहिल्या तासांत पाणी थोडेंच चढतें, माणूस निर्धास्त होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत तें सर्वांत वेगानें वाढतें. चंद्र हातभर वर आला तेव्हां त्या घळींत मांडीइतकें पाणी खळाळत होतें. नऊ वर्षांच्या मुलाला तें किती असेल, याचा हिशोब आम्हीं केला नाहीं. पुतणी आमच्या शेजारीं येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, “काका, बापूआजोबा असेच थांबले असतील ना?” आम्हीं तिचा हात धरला.

रात्रीं मुक्कामाच्या गच्चीवर आटीव दुधाचें भांडें ठेवलें होतें. कोजागरीला मध्यरात्रीं लक्ष्मी ‘कोण जागें आहे?’ म्हणून विचारीत फिरते, असें आपण लहानपणापासून ऐकतों. घड्याळांत अकरा वाजून गेले होते. म्हणजे दुसरी भरती पूर्ण होत आली होती. दुपारीं जेथें आमचीं मुलें डबक्यांवर ओणवीं झालीं होतीं, तेथें दुधासारखा फेंस उसळत होता. एकही खडक दिसत नव्हता. पुतणीनें घरीं दूरध्वनि लाविला. घरींही सारे जागे होते.

“चित्र दाखवूं का, आजी?”

“नको. नुसतें ऐकूं दे.”

तिनें यंत्र समुद्राकडे धरलें. पांच-सहा मिनिटें कोणीच बोललें नाहीं. मग तिकडून आवाज आला, “ओळखीचा आहे. आतां झोपा.”

सहल परत आली. पुतणीच्या पिशवींत एकही शिंपला नव्हता. शेवाळाच्या डागांची वही होती. ती तिनें आजीला पानन् पान वाचून दाखविली. मातोश्रींनीं मध्यें-मध्यें दुरुस्त्याही केल्या: या शंखाला आमच्याकडे अमुक म्हणत, हा खेकडा आडवाच पळतो, असें. सत्तर वर्षें बंद असलेली कोठी उघडली होती, आणि तिच्यांत केवळ दुःखच सांठविलेलें नव्हतें, हें पाहून आम्हां सर्वांना विस्मय वाटला. पुढें त्यांनीं बापूच्या गोष्टीही सांगितल्या; तो कसा हंसे, त्याला कोणता आंबा आवडे. आमच्या घरांतील मुलांना एक पणजोबांच्या घरचा लहानगा आजोबा मिळाला.

पुढील वर्षीं त्या महाविद्यालयाची कार्यक्रमपत्रिका आम्हीं मुद्दाम मागवून पाहिली. तारखेशेजारीं तिथि छापली होती, आणि तिच्याशेजारीं भरती व ओहोटी यांच्या वेळा. ती पत्रिका मातोश्रींनीं पंचांगांत जपून ठेविली आहे.

वाचकहो, आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं अशी एखादी वडील व्यक्ति असेल, जी एखाद्या वाटेला, एखाद्या पाण्याला, एखाद्या गांवाला भिते, आणि कां तें सांगत नाहीं. मुलांच्या उत्साहापुढें त्या भीतीला हंसणें सोपें आहे. त्या भीतीपुढें मान तुकवून मुलांना घरीं ठेवणें त्याहून सोपें. आमच्या घरांत या दोहोंपैकीं कोणतें तरी एक घडलेंच असतें. तें टळलें, कारण म्हाताऱ्या बाईनें तिथि विचारली आणि आम्हीं ती वाचून दाखविली. सहलीचे दिवस आतां पुन्हां जवळ येत आहेत. आपल्या मुलांचा कागद घरांतील वडिलांसमोर एकदां मोठ्यानें वाचावा, आणि ते मध्येंच कांहीं विचारूं लागले तर वाचणें थांबवावें, एवढीच आमची विनंति आहे.